जंगाल

सोमवारी दुपारी ब्लॉक आला. आत दोन तुकडे,
शेवईएवढे.
पुंडलिक करडे, वय ५४, तांबट आळी, नाशिक.
सोबत डॉक्टर पीरजादेंची चिठ्ठी, त्यांच्या उतरत्या अक्षरात :
साखर नाही. लघवीतून दिवसाला नऊ ग्रॅम प्रथिनं जातायत.
तीन महिने स्टिरॉइड, फरक शून्य.
आणि अगदी तळाशी, कागद संपता संपता :
डाव्या नडगीला जुनी जखम. वाहते.

किती जुनी, ते लिहिलं नव्हतं.

माझा संबंध काचेशी, माणसाशी नाही.
पण तो बाहेर बाकावर होता, पैसे भरायचे राहिले म्हणून.
चप्पल काढून ठेवली होती,
तरी पायात चप्पल होतीच,
सुजेत रुतलेला पट्टा, अंगठा, सगळं.
विचारलं, जखम कधीची?
"थोरली शाळेत जात होती."
"पाळण्यात होती हो," बायको म्हणाली.
तो हसला. "पत्रा पडला, हाड दिसलं.
भरतं, फुटतं. पट्टी बांधतो, कामाला बसतो.
त्यात काय एवढं?"
आणि फेस?
"भांडी ॲसिडने धुतो ना. वाटलं, तेच अंगात उतरलं असेल."

नेहमीपेक्षा जाड काप घेतले. काँगो रेड चढवला.
साध्या उजेडात नुसता गुलाबी,
फार धुतलेल्या रुमालासारखा.
मूत्रपिंडातल्या त्या बारीक केशवाहिन्यांचे झुबके.
(नाशिकचा म्हणून सगळे मला विचारतात, द्राक्षांसारखे का?
नाही. अजिबात नाही.)
प्रत्येक झुबक्यात काहीतरी बसलेलं,
उठायचं नाव न घेणारं.

मग दिवा विझवला, ध्रुवक फिरवला.

पुस्तकात म्हणतात सफरचंदी हिरवा.
असलं सफरचंद मी रविवार कारंजावर कधी पाहिलं नाही.
मला ओळखू आला तो घंगाळाच्या बुडाचा हिरवा,
कल्हई उडालेल्या पातेल्यातला,
ज्यात ठेवलेलं ताक कळकतं आणि आई ओतून देते.
या माणसाने जन्मभर हाच रंग
चिंचेने घासून घासून काढला असणार.

अमायलॉइड. पण कुठलं?
मज्जेतून आलेलं की जुन्या आगीतून?
औषध त्यावरच ठरणार.
मॅडमनी ब्लॉक पुण्याला पाठवला. म्हणाल्या, तोवर
जुनी रीत करून बघ.
म्हणजे पोटॅशियम परमँगनेट, विहिरीत टाकतात ते.
काप त्यात बुडवला, परत रंगवला, परत अंधार केला.
डोळा लावला.
हिरवा नव्हता.
तीनदा फिरवलं. नव्हताच.
वीस वर्षं मी काय दिसतं ते लिहित आलो.
त्या दिवशी गेलं, तेच उत्तर होतं.

म्हणजे मज्जा नाही. नडगी.
सव्वीस वर्षं ती जखम आतून हाक मारत होती
आणि यकृत दरवेळी ओंजळ भरून धावत होतं.
कुणी त्याला सांगितलंच नाही, पुरे.
साचली ती मदतच.

आठ दिवसांनी पुण्यानेही तेच म्हटलं.

रिपोर्ट घ्यायला दोघं आले. पीरजादे मॅडम
आमच्याच टेबलापाशी उभ्या राहून समजावत होत्या :
आधी हाड साफ करायचं, ऑपरेशन लागेल.
त्याने सगळं ऐकून घेतलं.
"आतून कल्हई होत नाही का, मॅडम?"
त्या हसल्या नाहीत.
"नाही. पण भट्टी विझवता येते.
विझली, तर जे उरलंय ते टिकेल. कदाचित."

"बघू तरी," म्हणून त्याने काच मागितली.
ट्यूबलाइटकडे धरली. काही दिसणार नव्हतंच.
मग सवयीने कानाजवळ नेली,
नखाने हलकेच टिचकी मारली,
आणि परत देताना मलाच म्हणाला,
गिऱ्हाइकाला सांगावं तसं,
"नाद नाही हिला."